कठड्यावरचा रंग

एका भरधाव गाडीनं पुलाजवळच्या वळणावर मुलीचा जीव घेतला. तिथं वेग टिपणारा कॅमेरा बसावा म्हणून आईनं तीन वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. कॅमेरा बसल्यावर आठवड्याभरात दंडाची नोटीस तिच्याच घरी आली. गाडी नवऱ्याची, वेग ब्याण्णव. “कुंपणच शेत खातंय! तुम्हाला तिथंच पळवायची होती गाडी?” तिनं कागद त्याच्यापुढे आपटला. नोटिशीतल्या फोटोत त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट, मान मात्र पुलाच्या कठड्याच्या उलट दिशेला वळलेली. “पोरीच्या स्कूटीचा पिवळा रंग अजून आहे कठड्यावर,” तो पुटपुटला. “हळू गेलं की दिसतो गं.” दुसऱ्या दिवशी ती गाडीत त्याच्या शेजारी बसली. वळणावर काटा चाळीसवर आला, मागचा ट्रक हॉर्न वाजवत राहिला. “वाजवू द्या त्याला,” ती म्हणाली. त्यानं कठड्याकडे मान वळवली. “किती फिका पडलाय गं.”