कवळीवाल्याचा शनी

“खाऽऽक्… थू!”

अंगणातून आवाज आला आणि कवळीवाल्याने नाक मुरडलं. दिवसभर लोकांच्या दातांच्या कवळ्या घडवणारा, घासूनपुसून देणारा माणूस तो. पण मेहुण्याचं खाकरणं ऐकलं की त्याला शिसारी यायची. मेहुणा आला होता दोन दिवसांसाठी, झाले दोन महिने. आकाशातल्या शनीचं कसलं कौतुक, साडेसाती घरातच मुक्कामाला आली होती!

“अहो, जेवायला या,” बायको म्हणाली.

“तुझ्या भावाला सांग, आधी हात धू म्हणावं. डोळे आलेत लेकाचे, तरी माझ्या दुर्बिणीला डोळा लावून बसतो. शी!”

“पुसतो हो तो नंतर.”

“बनियनला पुसतो! मी पाहिलंय.”

त्याने दोनच घास खाल्ले. ताटावरून उठून त्याने आपला फोन स्पिरिटने तीनदा पुसला आणि त्यातला शनीचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला. कॉम्प्युटर मुकाच होता. मेहुण्याने स्पीकरवर चहा सांडला होता, त्यातल्या बिस्किटाचा लगदा जाळीत वाळून बसला होता. बघूनच किळस यायची.

दुर्बिणीला फोन अडकवून घेतलेला व्हिडिओ तो. पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा ग्रह लटपटत होता. त्यातली चांगली चित्रं वेचायची, एकावर एक रचायची, मग लटपट जाते. रविवारचा अख्खा दिवस त्यात गेला. संध्याकाळी कडी सुटी झाली, ग्रह आणि कडी यांच्यातली काळी फट स्वच्छ उमटली. दहा वर्षांत असा शनी त्याच्या पदरात पडला नव्हता.

“त्या दिवशी हवा काय झकास होती ना, भावजी?” मेहुणा नख कुरतडत मागे येऊन उभा राहिला.

“लांब हो. थुंकी उडते.”

“स्पर्धेला पाठवा की.”

“पाठवणारच. दुर्बीण माझी, फोन माझा, अंगण माझं.”

“मी कुठं नाही म्हणतोय?” मेहुणा हसला. कुरतडलेलं नख जमिनीवर पडलं. कवळीवाल्याने ते कागदात उचलून कचऱ्यात टाकलं.

आकाशमंडळाचं, म्हणजे गावातल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाचं, बक्षीसच तसं होतं. पहिल्या नंबराला मंडळाची मोठी दुर्बीण वर्षभर घरी न्यायला मिळायची. गेल्या साली एका महाभागाने गुरू ग्रहाच्या फोटोवर हाताने पट्टे रंगवून ती पटकावली होती. तेव्हा भर सभेत कवळीवालाच उठला होता. “असल्या चोरांची किळस येते मला! पहिल्या नंबराचा मूळ व्हिडिओ सगळ्यांसमोर लावा, म्हणजे दूध का दूध होईल.” टाळ्या पडल्या आणि तसा नियमच झाला.

यंदा पहिला नंबर कवळीवाल्याचा आला.

बक्षीस समारंभात बायकोला आणि मेहुण्याला त्याने मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवलं होतं. चारचौघांत तो माणूस खाकरला तर काय घ्या! अध्यक्षबाईंनी माइक पुढे केला. “दोन शब्द बोला.”

“काय बोलू?” कवळीवाल्याचा ऊर भरून आला. “तीन तास थंडीत उभा होतो. काचेवरचा डोळा हलवला नाही.”

मग नियमाप्रमाणे मूळ व्हिडिओसाठी दिवे मालवले. पडद्यावर शनी लटपटत उगवला. कवळीवाला हात बांधून, मान ताठ करून उभा राहिला.

“खाऽऽक्… थू!”

त्याने चिडून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. मेहुणा तोंड मिटून, गुपचूप बसला होता. आवाज पडद्याशेजारच्या मोठ्या स्पीकरमधून येत होता.

“भावजी, शनी सापडला हो! या ना, बघा तरी एकदा!”

आणि पाठोपाठ, लांबून, बंद खिडकीच्या आतून, कवळीवाल्याचा स्वतःचा आवाज आला:

“शी! मी नाही हात लावणार. तुझा शनी तुलाच लखलाभ!”