वर केलेला हात

“बाण संपले की बाकीच्या मुली रेषेवरून मागे सरतील. तुमचे संपले हे मला कळणार कसं?” सकाळीच पंचांनी तिच्या व्हीलचेअरकडे बघत विचारलं होतं. धनुर्विद्येच्या राज्य संघाच्या निवडीला व्हीलचेअरवरून कुणी पहिल्यांदाच आलं होतं.

“मी हात वर करते, सर. नियमात तसंच आहे.”

आता दुपारी, संघातल्या शेवटच्या जागेसाठी तिचे आणि शेजारच्या मुलीचे गुण सारखे झाले. दोघींना एकेकच बाण. जिचा मध्याच्या जास्त जवळ लागेल ती संघात.

“तुझं बरंय बाई. उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडलेत,” शेजारची म्हणाली.

“ये मग, बस मांडीवर.”

दोघी हसल्या. शेजारचीचा बाण सत्तर मीटरवर नऊच्या वर्तुळात रुतला. मग व्हीलचेअरवरून तिने दोरी हनुवटीपर्यंत ओढली, बाण सोडला आणि ठरल्याप्रमाणे हात वर केला.

लक्ष्याजवळून आवाज आला, “दहा!”

पंच वाकून हसत म्हणाले, “कळलं, ताई, तुमचे बाण संपले. हात खाली घ्या आता.”

“घेते ना, सर. जरा वेळाने.”