गुरुजींचा ओम

बसा, ऋषिकेशातल्या एका घरची गंमत सांगतो. चक्रधर गुरुजींनी चाळीस वर्षं योगाच्या वर्गात ओम म्हणायला शिकवलं. मग अर्धांगवायूचा झटका आला, सगळी वाचा गेली आणि तेवढा एक ओम तोंडात राहिला. त्यांची बायको सतेश्वरी त्यांचं करून करून थकायची, आणि भेटायला आलेले शिष्य नुसते हात जोडून बसायचे.

एके दिवशी असेच दहाजण आले. गुरुजी म्हणाले, "ओम." सगळ्यांनी डोळे मिटून सूर लावला. गुरुजींचा आवाज चढला, तसा यांचाही चढला. एकाला तर रडूच फुटलं.

चुलीवरची रोटी टाकून सतेश्वरी तरातरा बाहेर आली. "गप्प बसा की मेल्यांनो! एवढी वर्षं शिकलात ना यांच्याकडं? काय म्हणतायत ते कळतंय का?"

एक शिष्य म्हणाला, "माताजी, ओमचा अर्थ शब्दांत कुठं सांगता येतो?"

जन्मात एकदाही वर्गात न बसलेली सतेश्वरी म्हणाली, "मला येतो. त्यांना लघवीला जायचंय. उचला!"

तर बाबांनो, कधी गेलात त्यांच्याकडं, तर एवढं करा. ओम ऐकलात की डोळे मिटायच्या आधी त्यांच्या तोंडाकडं नीट बघा.