तबकडीचे साक्षीदार

माळावर तरंगणारी उडती तबकडी कुमुदबाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून पाहिली. आधी सगळं गाव ऐकायला लोटलं, पेपरात दोघांचा फोटो आला. मग हसणं सुरू झालं. बाई शिकवायच्या त्या शाळेतली पोरं त्यांना 'तबकडी' म्हणू लागली, तेव्हा नवऱ्याने चारचौघांत हात झटकले, "मी काही पाहिलं नाही. हिलाच भास होतात." शाळेने बाईंना काढून टाकलं.

आता म्हातारपणी तबकड्यांना पुन्हा भाव आला. चॅनेलवाले दारात आले. नवरा इस्त्रीचा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर रंगवून सांगू लागला, "मीच हिला म्हटलं, अगं, वर बघ!"

"काकू, काका तुमच्यासोबतच होते ना?" चॅनेलच्या मुलीने विचारलं.

"नाही," कुमुदबाई म्हणाल्या. "मी एकटीच होते."