पुन्हा मांडलेला डाव

आमच्या नामादादाला पहिली मुलगी झाली, ते एकोणीसशे त्रेचाळीस साल. त्या गणपतीत कर्जतला मुलींचा बुद्धिबळाचा सामना झाला आणि शेवटचा डाव मला पळसदरीच्या सुंदराशी खेळायचा होता. डाव तिच्या बाजूनं चालला असताना तिचा थरथरता हात वजिराला लागला. ‘हात लागला, आता वजीरच हलव,’ मी म्हणाले. नियम तसाच होता. तिचा वजीर गेला आणि मी जिंकले, पण ते जिंकणं मला रुचेना. चाली लिहून ठेवायला दोघींनाही अक्षर येत नव्हतं, म्हणून आठवणीत ताज्या होत्या तोवरच डाव पुन्हा मांडायला मी तिला बसवलं. तिचा भाऊ हिरामण बैलगाडी जुंपून उभा होता. ‘सुंदरे, ऊठ गं. ताप चढलाय. डाक्टर सांजच्या गाडीनं मुंबईला जाईल.’ हिवताप तेव्हा घरोघर असे; मी मनावर घेतलं नाही. सुंदरा हसली. ‘थांब रं दादा, अंबीला जिंकलेलं पचत नाय.’ तिला खरं तर घोडा हलवायचा होता. तिनं तो हलवला आणि चौथ्या चालीला मला मात दिली. ‘आणखी एकदा,’ मी म्हणाले. राजा दुसऱ्या घरात नेला, मग हत्ती आडवा घातला; तिन्ही वेळा हरले. तिचे दात वाजत होते, तरी मी मोहरे लावत राहिले. बैलगाडी दवाखान्याशी पोचली तेव्हा दाराला कुलूप होतं. डॉक्टर पौर्णिमेला परतले. सुंदरा आदल्या दिवशी, अनंत चतुर्दशीच्या सकाळी वारली.