सोवळ्यातलं अंडं

राजसबाईंनी अंडं सोललं आणि हात तिसऱ्यांदा साबणानं धुतले. तंजावरहून चेन्नईला आलेल्या त्यांच्या घरात चार पिढ्या अंडं शिरलं नव्हतं. आता वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत मांडलेल्या वेगळ्या शेगडीवर ते रोज उकडत होतं. देवाची माफी मागून झाली होती. देव थांबला असता, रणवीरचे पाय थांबणार नव्हते.

चोविशीतल्या पोराला पायाखालची फरशी कळेनाशी झाली होती. आधी मुंग्या आल्या, मग चप्पल निसटलेली समजेना, शेवटी तर स्टेशनच्या जिन्यावर तो कोसळला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह फार कमी होतं. शाकाहारी घरांत असं होतं, अंडी द्या, म्हणाले. झालं! आपल्या सोवळ्यानंच पोराचे पाय नेले, असं राजसबाई भेटेल त्याला सांगत सुटल्या. रणवीर मान खाली घालून अंडं खायचा. वडील गेल्यावर तो मुका झाल्यासारखाच होता. गेल्या वर्षापासून मात्र बंद खोलीतून त्याचं हसणं ऐकू यायचं. तेवढाच आईच्या जिवाला आधार.

महिनाभर अंडी खाऊनही पाय सुधारेनात, उलट तो भिंत धरून चालू लागला, तेव्हा त्यांनी मोठं इस्पितळ गाठलं. तिथल्या डॉक्टर ऊर्मी मूळच्या साताऱ्याच्या. त्या आधी रणवीरशी एकट्याशी बोलल्या, मग आईला आत बोलावलं.

"चूक माझीच, डॉक्टरम्मा," राजसबाई बसायच्या आधीच म्हणाल्या. "आमच्या घरी अंडं शिवत नाहीत."

"काकू, तुमचा काही दोष नाही."

केकवरचं क्रीम फुलवायला नायट्रस ऑक्साइड गॅसच्या छोट्या नळकांड्या मिळतात. रणवीर तो गॅस फुग्यात भरून ओढत होता. वर्षभर, जवळजवळ रोज. त्या गॅसनं अंगातलं बी-ट्वेल्व्ह निकामी होतं आणि नसा जळतात. वर कितीही अंडी खा. आता गॅस सोडला आणि इंजेक्शनं घेतली तर पाय सुधारतील, डॉक्टर म्हणाल्या. पूर्ण सुधारतील, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

राजसबाईंना फार वाईट वाटलं, पण पोरानं हे का करावं, तेच त्यांना उमगेना. त्या गॅसनं मिळतं तरी काय, त्यांनी विचारलं.

"मिनिटभर हसू येतं," डॉक्टर म्हणाल्या.



"तो हसला, की मी देवापुढे तुपाचा दिवा लावत होते," राजसबाई म्हणाल्या.