हिरव्या झाकणाची ट्यूब

"ही काळेपणाला आन् ही कोरडेपणाला." मेडिकलवाल्या संघप्रियानं दोन ट्यूबा काचेवर ठेवल्या. "पांढऱ्या झाकणाची काळं घालवती, पण कातडं ओढतंय. हिरवी सावकाश काम करती, पण कातडं मऊ राहतंय."

सत्यभामेनं दोन्ही उचलून डोळ्यांजवळ धरल्या. वरची अक्षरं इंग्रजी. तिला त्यातलं काय डोंबल कळणार!

"उद्यापतूर फरक पडंल अशी कुठली?"

"उद्या? काकू, महिना तरी लागतोय."

"तवर न्हाई गं थांबता येत."

मागं शेजारची सिताबाई गोळ्या घ्यायला उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, पण बोलायचं ते बोललीच, "मालक जाऊन पंधरा दिस न्हाईत झाले, आन् हिला तोंडाला लावायला पायजे! कमाल हाय बाई."

सत्यभामेनं हिरवी ट्यूब घेतली.

"मुगाएवढीच लावायची," संघप्रिया म्हणाली. "एक ट्यूब दोन महिने जाती." आणि सिताबाईच्या गोळ्या तिनं काचेवर जरा जोरातच आपटल्या.

तेर गावात अशी गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. होऊ दे. सत्यभामेला गल्लीला कुठं तोंड दाखवायचं होतं? तिला लेकीला दाखवायचं होतं.

लेक हर्षाली उमरग्याला, सासरी. आठवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पोरीचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलायची बंदी केली. नेमक्या त्याच आठवड्यात तिचे अण्णा, बलभीम, मोटर चालू करायला रानात गेले आणि बांधावर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी जावयाला बजावलं, दोन जिवांचा प्रश्न आहे, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. त्यात हर्षाली अण्णांची भारी लाडकी. मग काय, सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

रोज पाच वाजता तिचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याआधी मुलगा श्रीनाथ बापाचा हार घातलेला फोटो उतरवून कोठीआड ठेवायचा. सत्यभामा कपाळाला कुंकू लावायची. डब्यातलं डोरलं काढून पुन्हा गळ्यात घालायची. एवढं सगळं जमलं, पण डोळ्यांचं काय करणार? खाली काळे खड्डे पडले होते, आणि पुसून पुसून कातडं सोलून निघालं होतं. "आई, डोळ्याला काय झालंय गं?" असं हर्षालीनं दोनदा विचारलं, तेव्हा सत्यभामेचं धाबं दणाणलं. म्हणून ती ट्यूब.

"अण्णा?" हर्षाली रोज विचारायची.

"रानात गेल्यात."

"बरं."

एवढंच. बलभीमांना फोनवर बोलणं कधी जमलंच नाही. कानाला लावला की "हां, बरं" म्हणून बायकोच्या हातात द्यायचे. म्हणून पोरही कधी हट्ट धरत नव्हती. देवाचीच कृपा. आणि खोटं तरी कसं म्हणायचं? त्यांना अग्नी रानातच दिला होता, विहिरीजवळ. कॉलच्या त्या दहा मिनिटांत सत्यभामेलाही वाटायचं, गेलेत रानात, येतील दिवेलागणीला. फोन बंद झाला की डोरलं परत डब्यात जायचं. मग ती बसून रडायची.

दहाव्या दिवशीच ट्यूब सपाट झाली. बदामाचं तेल झालं, काकडीच्या चकत्या झाल्या. शेवटी तिनं लेकीलाच विचारलं. नाव पुढं केलं सिताबाईचं.

"तिच्या डोळ्याखाली लई काळं झालंय गं. कातडं बी कोरडं पडलंय. काय चांगलं असतंय?"

हर्षाली नेहमीसारखी खिडकीकडं पाठ करून बसली होती. तोंड नीट दिसतच नव्हतं. उजेडानं डोळे दुखतात, म्हणायची.

"बदामाचं तेल नगं म्हणावं, चकाकतंय. काकडीनं घडीभर गार वाटतं, बस. पांढरी ट्यूब तर आग करती. हिरव्या झाकणाची चांगली. पण डोळ्याला पाणी येत असंल तर लगीच लावायची न्हाई, झोंबतंय. आधी गार पाण्यानं तोंड धुवायचं, टिपायचं, मग लावायची."

"तुला गं कसं एवढं ठाऊक?"

"पडल्या पडल्या मोबाईलच बघती की. दुसरं काम काय हाय मला!" ती हसली. सत्यभामेला बरं वाटलं. पोर हसतेय तोवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दुसरी ट्यूब आणली. लेकीनं सांगितलं तसंच धुवून, टिपून लावू लागली.

बलभीम गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. सत्यभामा तेरातून मोकळ्या कपाळानं निघाली आणि धाराशिवच्या स्टँडवर गाडी बदलताना तिनं कुंकू लावलं, डोरलं घातलं. डोळ्यांखाली मुगाएवढी ट्यूब चोळली. बारसं होऊ दे, मग सांगू, असं तिनं वाटेत पक्कं केलं होतं.

दवाखान्यात खोलीत दोघीच होत्या. सत्यभामेनं बाळ मांडीवर घेतलं. अगदी बलभीमांचं नाक. आज हर्षालीनं अण्णांचं विचारलंच नाही. ती नुसती आईच्या कपाळाकडं बघत राहिली. मग सत्यभामेनंच घाईघाईनं सांगून टाकलं, "अण्णा येणारच होते गं, पण रानात..."

"आई, माझ्या पिशवीतलं दुपटं काढ की."

सत्यभामेनं पिशवीत हात घातला. दुपट्याखाली काहीतरी हाताला लागलं. तिनं बाहेर काढलं. शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढलेल्या ट्यूबा होत्या, हिरव्या झाकणाच्या.

हर्षालीनं हात लांब करून पदराच्या टोकानं आईच्या डोळ्यांखालचं मलम हळूच पुसलं.

"तुला किती लागल्या, आई? मला तीन."